काल्पनिक व्यक्ती क्रमांक अकरा

नाना, तुमच्या दहाव्याला एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि तुम्ही मितभाषी होतात असं म्हणाले. मृदू स्वभावाचे, कुणाला शब्दानंही न दुखावणारे, असंही म्हणाले. मी तुमच्या भावाकडे, आबांकडे बघितलं, आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच माना खाली घातल्या. आजूबाजूच्यांना वाटलं, रडू आवरतायत. मला हसू आवरत नव्हतं. आबांचंही तेच झालं होतं, हे त्यांनी नंतर चहाच्या वेळी कबूल केलं. ते गृहस्थ बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला निघाले असावेत, असं त्यांचं मत पडलं.

मला बोलायला सांगितलं होतं, पण मी उभी राहिले नाही. काय बोलणार होते? तुम्ही माझे कोण, हेच मला चार माणसांत सांगता आलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही वाचलं असतं तर समासात लाल पेनानं हरकती काढल्या असत्या, हे धरूनच लिहिते.

आपली ओळख भांडणानं झाली. आमच्या कंपनीनं जळगावच्या पेपरात छोटीशी जाहिरात दिली होती, ‘गप्पा मारायला आवडणारे ज्येष्ठ नागरिक हवेत’. मोबाइलवर माणसांशी बोलणारं, त्यांच्या मनावरचं ओझं जरा हलकं करणारं एक यंत्र आम्ही बनवत होतो. ते काय बोलेल, कसं बोलेल, कुठे थांबेल, हे ठरवायचं काम माझं. पण ते खानदेशातल्या माणसांशी नीट बोलतं का, हे तपासायला खानदेशातलीच माणसं हवी होती. तुम्ही वरणगावहून सकाळच्या बसनं आलात, जिना चढून दम खाल्लात, आणि गप्पा मारायला तुम्हाला मुळीच आवडत नाही असं मला सांगितलंत. जाहिरातीत चूक होती, तेवढं दाखवायला तुम्ही आला होतात.

जाहिरातीत खाली लिहिलं होतं, तुमचं बोलणं पूर्णपणे गुप्त राहील. हे बोलणं नंतर कुणी वाचतं का, असं तुम्ही विचारलंत. यंत्र सुधारायचं तर वाचावं लागतं, मी वाचते, असं मी म्हटलं. मग ते गुप्त कसं, तुम्ही म्हणालात; ‘मॅडम वाचतात’ असं लिहा. नाव-गाव काढून टाकूनच वाचतो, हे मी तुम्हाला दहा मिनिटं समजावलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ठीक आहे, मग ‘मॅडम नाव-गाव काढून वाचतात’ असं लिहा.

ते आजही तसंच लिहिलेलं आहे, नाना. मोबाइलवर ते यंत्र उघडलं की पहिलं वाक्य तेच येतं. पुण्याच्या मोठ्या ऑफिसातून तीनदा निरोप आला की जरा भारदस्त भाषा करा. मी केली नाही. लोक ते वाक्य वाचून हसतात आणि मग खरं बोलायला लागतात, हे मी पाहिलं होतं.

वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तुमची सगळी नोकरी सुरक्षा विभागात गेलेली. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात काडेपेटी नाही ना, बुटाला खिळे नाहीत ना, दारातल्या तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवली ना, हे बघण्यात तुमचा जन्म गेला. निवृत्त झालात तरी नजर निवृत्त झाली नव्हती. पहिल्याच दिवशी तुम्ही आमचं ऑफिस तपासलंत. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत आमच्या शिपायानं कढीपत्ता लावला होता, तो तुम्ही उपटायला लावलात. पंख्याखालची खुर्ची नाकारलीत, कारण पंखा तुमच्या मते ‘विचार करत’ होता. आणि मग माझ्यासमोर बसून तुम्ही एक वाक्य बोललात, ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं.

“मॅडम, जी वस्तू दिसायला गरीब असते ना, तिच्याजवळ जास्त जपून उभं राहायचं.”

तुम्ही यंत्राबद्दल बोलत होतात. मला वाटलं, पंख्याबद्दल.

यंत्राचं नाव तेव्हा ‘सखी’ होतं. तुम्ही एका मंगळवारी कागदावर लिहून आणलंत की तुमच्यासारख्या सत्तरीच्या विधुरानं गावात ‘मी रोज सखीशी बोलतो’ असं कुणाला सांगितलं तर काय होईल, याचा कंपनीनं विचार करावा. आम्ही खरंच नाव बदललं. ‘विसावा’ ठेवलं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत त्याला ‘बाई’च म्हणत राहिलात. बाईंनी आज असं विचारलं, बाई आज चुकल्या. तुमच्या अहवालातला एक शेरा मी टेबलावरच्या काचेखाली ठेवला आहे: ‘बाईंनी आज चार वेळा दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. मी आधीपासून घेत होतो.’

आपलं खरं भांडण एकाच वाक्यावरून होतं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही गेलात. कुणी दुःख सांगितलं की यंत्र म्हणायचं, ‘तुम्हाला काय वाटत असेल ते मला समजतं.’ तुमचा त्याला सक्त विरोध. यंत्राला गुडघा नाही, त्याला गुडघेदुखी कशी समजेल? यंत्राचं कुणी मेलेलं नाही, त्याला काय समजेल? मी म्हणायचे, नाना, माणसंही एकमेकांना असं म्हणतातच की, त्यांना तरी कुठे समजलेलं असतं. तुम्ही म्हणायचात, माणूस खोटं बोलला तर तो उद्या भेटतो, त्याला जाब विचारता येतो. मग मी ते वाक्य बदलून ‘तुम्ही सांगितलेलं मी नीट वाचलं आहे’ असं केलं. त्यावर तुम्ही म्हणालात, हे तर पोस्टाच्या पोचपावतीसारखं झालं. मी वैतागून विचारलं, मग काय लिहू, सांगा. तुम्ही दोन मंगळवार विचार केलात आणि सांगितलंत की ते ठरवायचा पगार मला मिळतो. फाइलमध्ये आजही दोन्ही वाक्यं एकाखाली एक पडून आहेत.

पण आवरून घेतल्याची ती गोष्ट लिहायलाच हवी, कारण त्या दिवसापासून मी तुमचं म्हणणं चेष्टेवारी नेणं बंद केलं.

शिरपूरकडच्या काही गावांत आम्ही यंत्र वापरायला दिलं होतं. ज्यांना दिलं त्यांची परवानगी घेतली होती, आणि काळजीसारखं काही वाटलं तर आमचा गावातला कार्यकर्ता घरी येईल, हेही सांगितलं होतं. एक शेतकरी तीन दिवस सांगत होता की झोप नाही, जीव लागत नाही. चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं, ‘आते बठ्ठं आवरी लिधं.’ आता सगळं आवरून घेतलं. आमच्या यंत्रानं त्याला उत्तर दिलं की छान, आवरलेलं घर मनाला प्रसन्न ठेवतं.

ते वाचून मी पुढच्या पानावर गेलेही होते. तुम्ही माझ्या शेजारी बसून वाचत होतात. तुमचं मूळ गाव त्याच बाजूचं. तुम्ही माझा हात धरून मला थांबवलंत आणि म्हणालात, हा माणूस घर आवरल्याचं सांगत नाहीये. पाच मिनिटांत कार्यकर्त्याला फोन गेला, अर्ध्या तासात तो मोटारसायकलवरून त्या घरी पोहोचला. तो अर्धा तास तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत. कार्यकर्त्याचा फोन आला. त्या शेतकऱ्यानं खरोखरच गोठा आवरला होता. लेक बाळंतपणाला येणार होती, म्हणून चुना मारून, खाट बांधून, सगळं लख्ख केलं होतं. झोप तिच्याच काळजीनं लागत नव्हती. तो कार्यकर्त्याला चहा प्यायल्याशिवाय सोडायला तयार नव्हता.

सगळं ऑफिस हसलं. मला तुमच्याकडे बघायचा धीर होईना. वाटलं, नाना ओशाळले असतील. तुम्ही सावकाश खुर्चीवर बसलात, रुमालानं मान पुसलीत आणि म्हणालात, “आमच्या कारखान्यात भोंगा शंभरदा उगाच वाजला असेल. त्यापायी कुणी मेलं नाही, मॅडम.” आणि बाईंना भोंगा वाजवायला शिकवा, म्हणालात. पुढचा महिना आपण दोघं तेच करत होतो. ‘जीव कटाळी गया’ म्हणजे कधी नुसता कंटाळा असतो आणि कधी नसतो, ‘आवरलं’ म्हणजे काय काय आवरलेलं असू शकतं, कोणत्या शब्दानंतर यंत्रानं आपली हुशारी गुंडाळून सरळ विचारायचं आणि माणसाला हाक मारायची. त्या यादीतली निम्मी वाक्यं तुमची आहेत. तिथून पुढे कितीदा भोंगा वाजला आणि त्यातला कोणता उगाच नव्हता, ते मी इथे लिहिणार नाही. मॅडम नाव-गाव काढून वाचतात. तुम्हाला ते माहीत आहे, तेवढं पुरे.

आता काल्पनिक व्यक्तींकडे येते.

खऱ्या माणसांच्या हाती देण्याआधी आम्ही यंत्र खोट्या माणसांवर तपासायचो. म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी एक माणूस कल्पायचा, त्याला वय, गाव, दुखणं द्यायचं, आणि तो होऊन यंत्राशी बोलायचं. प्रत्येकाला क्रमांक. तुमच्या वाट्याला दोन ते अकरा आले. नाना, तुमच्याइतकी वाईट नक्कल मी जन्मात पाहिली नाही. तुमची क्रमांक तीन कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिनं यंत्राला लिहिलं, ‘मी महाविद्यालयीन युवती असून माझे मन उदास आहे. तरी योग्य तो उपाय सुचवावा.’ क्रमांक पाच नवी नवरी होती, तिनं सुरुवातच ‘महोदया’ अशी केली. क्रमांक सात आणि आठ कोण होते हे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, दोघंही सुरक्षा विभागातले.

आणि मग क्रमांक अकरा आला. माहितीच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत: ‘पुरुष, वय सत्तर, विधुर. मुक्काम वरणगाव नसून दुसरीकडे.’

नाना, मी तो रकाना वाचून इतकी हसले की शिपाई बघायला आला. मग खालचं संभाषण वाचलं. यंत्रानं विचारलं होतं, आज काय जेवलात. क्रमांक अकरानं लिहिलं होतं, ‘भाजी केली. मीठ दोनदा पडलं. पहिल्यांदा टाकल्याचं लक्षात राहत नाही. ती होती तेव्हा भाजीत किती मीठ पडतं हे बघायची वेळच आली नाही.’ तीन आणि पाचला धड दोन वाक्यं सुचली नव्हती. अकरा मात्र पानंच्या पानं बोलला. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुम्ही एकदाही माझ्याजवळ त्यांचं नाव काढलं नव्हतं. क्रमांक अकरानं सगळं सांगितलं. भावाचंही सांगितलं. शिरपूरला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न होतं, पत्रिका छापून आली, आणि ‘आपले विनीत’खाली थोरल्या भावाच्या नावापुढे कंसात छापलं होतं, ‘वरणगाववाले’. आपल्याच घरच्या पत्रिकेत पाहुण्यासारखं. क्रमांक अकरा लग्नाला गेला नाही. नऊ वर्षं बोलला नाही.

यंत्र त्याला म्हणालं, भावाला एकदा फोन करून बघावंसं वाटतं का. शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, ‘बाईंचा सल्ला आगाऊ आहे.’

मी तुम्हाला काही बोलले नाही. तुम्हीच आहात हे मला कळलं, हे तुम्हाला कळू दिलं नाही. दर मंगळवारी क्रमांक अकराचं संभाषण वाचायचे, शेरे बघायचे आणि ‘छान तपासलंत’ म्हणायचे. मला वाटायचं, केवढी समजूतदार मी.

त्याच सुमाराला मी क्रमांक चौदा तयार केली. स्त्री, वय छत्तीस, गाव नंदुरबार, शाळेत शिक्षिका. हिला काहीच झालेलं नव्हतं, हीच हिची अडचण. नवरा चांगला, घर बरं, नोकरी बरी. तरी सकाळी छातीत धडधड व्हायची, कामावर आत शिरायच्या आधी पाय उचलत नसत. एकदा भाजीबाजारात वांगी निवडता निवडता ती रडायला लागली, तर भाजीवाल्या बाईनं घाबरून टोपलीतली सगळीच वांगी पुन्हा निवडून दिली. हे सगळं मी यंत्राला लिहायचे. यंत्र फार चांगली उत्तरं द्यायचं. द्यायचंच, त्यातली बरीच माझ्याच हातची होती. तुम्ही हे कुणा जवळच्या माणसाला सांगितलं आहे का, असं ते विचारायचं, आणि मला आठवायचं की ‘जवळच्या’ हा शब्द घालू की नको यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. डॉक्टरांना भेटा, असंही ते सांगायचं, अगदी न दुखावता. मी वाचायचे आणि शेऱ्यात लिहायचे, ‘उत्तर योग्य’.

दुसऱ्यांची मनं हलकी करायचं यंत्र बनवणाऱ्या बाईलाच असं काही होतं, हे कुणाला सांगणार? जळगाव केवढंसं आहे.

क्रमांक चौदाचं संभाषण तपासायला तुमच्याकडे गेलं, कारण नियमच होता की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं. पुढच्या मंगळवारी तुम्ही आलात, डबा खाल्लात, आणि मग माझ्यासमोर लाल शेरा ठेवलात. ‘नंदुरबारच्या शिक्षिकेला शाळेत जायला सतरा पायऱ्या चढाव्या लागतात व त्या मोजल्याशिवाय तिला वर येता येत नाही. आपल्या ऑफिसच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. मी मोजल्या.’

मी म्हटलं, योगायोग असेल. तुम्ही खिशातून दुसरी चिठ्ठी काढलीत. धुळ्याच्या एका डॉक्टरबाईंचं नाव, गुरुवार, सकाळी अकरा.

“क्रमांक चौदासाठी वेळ घेतली आहे,” तुम्ही म्हणालात.

“नाना, ती काल्पनिक आहे.”

“म्हणून तर एकटीला पाठवता येत नाही. तुम्ही तिच्यासोबत जा. तुमच्यासोबत मी येतो.”

जळगावात डॉक्टर नव्हते का, असं मी बऱ्याच दिवसांनी विचारलं. जळगावात तुम्हाला लोक ओळखतात, एवढंच तुम्ही म्हणालात.

त्या गुरुवारी आपण बसनं निघालो. घरी मी धुळ्याला मीटिंग आहे असं सांगितलं होतं. एरंडोल येईपर्यंत तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून त्याचं गाडी चालवणं तपासलंत, पारोळ्याला त्यानं तुम्हाला मागे जाऊन बसायची विनंती केली. मग तुम्ही माझ्या शेजारी आलात आणि धुळ्यापर्यंत मला बारूद कोरडं कसं ठेवतात ते सांगितलंत. मला एक शब्द आठवत नाही. छातीत धडधडत होतं आणि कानाशी तुमचा आवाज चालू होता, एवढं आठवतं. दवाखान्याच्या दारात मी थांबले. तुम्ही म्हणालात, इथे तीनच पायऱ्या आहेत, बेटा. नोकरीत तुम्ही मला मॅडमच म्हणायचात. तेवढं एकदाच.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, महिन्यानं बोलावलं. आत मी अर्धा तास होते. बाहेर येऊन बघते तर बाकावरची सगळी माणसं तुमच्याभोवती आणि कंपाउंडर तुम्हाला हळू बोला म्हणून सांगतोय. दर खेपेला तेच. साक्रीकडून येणाऱ्या एक अक्का तर तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणायला लागल्या. मी बाहेर आले की सगळे माझ्याकडे फार मायेनं बघायचे, एका म्हाताऱ्यानं तर डोक्यावर हात ठेवला. मला वाटायचं, माझा चेहराच तसा दिसत असेल. हळूहळू धडधड कमी झाली. तिसऱ्या महिन्यात मी नवऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, मीटिंगहून इतकी बरी होऊन तू याआधी कधी आली नव्हतीस, मला वाटलंच होतं.

चौथ्या खेपेला मी तुमच्यावर डाव उलटवला. दवाखान्यातून निघाल्यावर तुम्हाला जळगावच्या बसऐवजी शिरपूरच्या बसमध्ये बसवलं. काल्पनिक व्यक्ती क्रमांक अकराचा भाऊ तिथे राहतो, तो क्रमांक चौदाला बघायचा आहे, असं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. तुम्ही फक्त, बसचा मागचा दरवाजा नीट लागत नाही, असं म्हणालात. आणि बसून राहिलात.

दार आबांनीच उघडलं. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. मी मध्ये पिशवी धरून. नऊ वर्षांनंतर भाऊ भावाला काय म्हणेल याची मी वाटेत वीस वाक्यं तयार केली होती, सवयच आहे ती. आबा आत वळले आणि बायकोला हाक मारून म्हणाले, “चहा मांड वो. वरणगाववाला उना.”

वरणगाववाला आला, पुन्हा तेच. सगळं तिथेच संपलं, असं वाटलं.

“पत्रिकामा तेच तर छापेल व्हतं,” तुम्ही म्हणालात, आणि चपला काढून आत गेलात.

मग दोन तास तुम्ही दोघं गुडघ्यांवर बोललात. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, कोणतं तेल, कोणता जिना. पत्रिकेचा विषय परत निघाला नाही. निघताना आबांनी तुमच्या पिशवीत पपया घातल्या, त्या तुम्ही चुकीच्या रचल्या म्हणून काढून परत रचल्यात. पुढच्या मंगळवारी तुमचा शेरा आला: ‘काल्पनिक व्यक्ती क्रमांक अकरा यांची भावाशी भेट झाली. यात बाईंचा काहीही हात नाही. सबब क्रमांक अकरा बंद करण्यात यावा.’

मी बंद केला. पण पूर्वीचं सगळं संभाषण तसंच आहे. तुम्ही गेल्यावर मी ते परत वाचलं आणि तेव्हा कुठे एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. ‘मॅडम वाचतात’ हे वाक्य तुमचंच. मी वाचते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तुम्ही वाचणार हे मला माहीत असूनच मी चौदा लिहिली होती. आपण यंत्राशी बोलत नव्हतोच, नाना. ते मध्ये होतं म्हणून आपल्याला बोलता आलं, एवढं श्रेय मात्र बाईंना द्यायला हवं. तुम्ही दिलं नसतंत. हे तुमच्याशी भांडायचं राहिलं. आणि आभार मानायचे राहिले, पण मानले असते तर तुम्ही ‘नेमके कशाबद्दल’ असं विचारून मला लेखी मागितलं असतं.

आबांनीच कळवलं. सकाळी आंघोळ करून पेपर वाचत खुर्चीत बसला होतात, तसेच गेलात. त्या दिवशीच्या पेपरात छपाईच्या दोन चुकांना लाल गोल केलेला होता, असं आबा म्हणाले. तिसरी चूक होती ती राहिली, हेही त्यांनी सांगितलं. भाऊच तुमचे.

परवा माझी धुळ्याची तारीख होती. सहावी. पहिल्यांदाच एकटी गेले. बसमध्ये कुणी मला बारुदाबद्दल काही सांगितलं नाही. दवाखान्यात शिरले तर बाकावर साक्रीच्या अक्का होत्या, मांडीवर चटणीची पुडी. माझ्या मागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, “बाबा नही उनात का आज?”

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. शेजारचे दोघं चुकचुकले. मग अक्का माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की झालं ते झालं, सुटलेच एका अर्थी, फार सोसलं बिचाऱ्यांनी, डोक्यात सारखे भोंगे वाजत म्हणे. दर खेपेला सांगायचे, माझी ही लेक नोकरी सोडून मला डॉक्टरकडे आणते, मला ऐकू नीट येत नाही म्हणून आत जाऊन तीच डॉक्टरांशी बोलते, अशी लेक कुणाला मिळत नाही. तो म्हातारा, ज्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, तोही मान हलवत होता.

पाच महिने, नाना. पाच महिने तुम्ही त्या बाकावर बसून माझा आजार स्वतःच्या नावावर सांगत होतात. कॉलेजच्या मुलीची दोन वाक्यं तुम्हाला जमली नव्हती आणि हे सगळ्या दवाखान्याला पटवलंत.

अक्कांनी डोळे पुसले. त्यांना एक कोडं पडलं होतं, ते त्यांनी जरा संकोचूनच विचारलं. बाबा तर गेले, मग मी आज कशाला आले, काही कागदपत्रं न्यायची होती का?

हो म्हणता आलं असतं. तुम्ही सगळी सोय करून ठेवली होती.

“नाही, अक्का,” मी म्हटलं. “पेशंट मीच आहे.”

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाजूला सरकल्या.

“मंग बस ना इथे,” त्या म्हणाल्या. “पन मना नंबर तुना आगे शे.”

त्यांच्यामागचा नंबर धरून मी बसले.